कान्हेरीचे अपुरे खांब

जिद्द आणि चिकाटी हे शब्द आपल्या घरांत रोज ऐकू येतात. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवून आईबाप मुलांना म्हणतात, "त्यांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, तुला दोन तास बसवत नाही?" मूल मान खाली घालते. पण जिद्द म्हणजे नेमके काय, ती धरायची कशी, आणि जो धरतो त्याच्या पाठीशी घरच्यांनी काय उभे करायचे, हे नुसते बोट दाखवून कळत नाही. ते समजून घ्यायचे असेल तर एक रविवार काढून बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जावे, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून आमचा हा एका दिवसाचा प्रवास वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

घाटकोपर ते अंधेरी

आम्ही लहानमोठी मिळून चाळीसएक माणसे होतो. बरीचशी घाटकोपरची, काही मुलुंडची. कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात, कोणी कुरिअरच्या कामावर, कोणी घरकाम करणाऱ्या भगिनी. आयाबायांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या आणि पहाटे उठून चपात्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. पूर्वी घाटकोपरहून अंधेरीला यायचे म्हणजे बसमध्ये तास-दीड तास उभे राहायचे. २०१४ साली मेट्रो सुरू झाल्यापासून हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर आले आहे.

अंधेरीला उतरून आधी पूर्वेकडची महाकाली लेणी पाहिली. या जागेचे जुने नाव कोंडिविटे. नाव महाकालीचे पडले, पण लेणी बौद्ध भिक्खूंची आहेत. एका टेकडीच्या दोन अंगांना मिळून १९ लेणी आहेत. त्यांतल्या नवव्या लेण्यात गोल दालन कोरून आत स्तूप ठेवला आहे आणि त्या दालनाच्या भिंतीला दगडी जाळी आहे. चहूबाजूंनी कारखाने, कचेऱ्या आणि उंच इमारती, आणि मध्ये हा शांत कातळ. आमच्यातल्या एक ताई याच रस्त्याने सात वर्षे कामाला जातात. त्या म्हणाल्या, "रोज बसच्या पाटीवर नाव वाचते, पण हे आपले आहे हे आज समजले."

तिथे वंदना घेऊन आम्ही पुन्हा स्टेशनवर आलो आणि धीम्या लोकलने बोरिवली गाठले. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. तिथून आत सहा-सात किलोमीटरवर, दाट झाडीच्या वर, कान्हेरीचा डोंगर दिसतो.

काळा डोंगर

कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी' या जुन्या नावापासून आले. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे या डोंगरावर भिक्खुसंघ नांदत होता. हजार वर्षे म्हणजे पस्तीस-चाळीस पिढ्या! आपल्यापैकी किती जणांना पणजोबाचे नाव सांगता येईल? आणि इथे एकच काम चाळीस पिढ्या एकमेकांच्या हाती देत राहिल्या.

त्या काळी सोपारा, कल्याण आणि चौल ही मोठी बंदरे होती. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. या बंदरांत देशोदेशीचा माल उतरत असे आणि व्यापाऱ्यांचे तांडे घाटावर जात असत. बंदरांपासून फार दूर नाही आणि गजबजाटातही नाही, अशी जागा भिक्खूंनी निवडली.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांच्या दानातून ते कोरले गेले. ओसरीच्या दोन्ही टोकांना वीस फुटांहून उंच अशा उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्या नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या. आत गेल्यावर उंच कमानदार छत, शेवटी स्तूप, आणि स्तूपाला वळसा घालणारी खांबांची रांग. खांब एकूण ३४ आहेत.

याच खांबांपाशी आमची मंडळी थबकली. काही खांबांना खाली मडक्यासारखी सुबक बैठक आहे, वर हत्ती आहेत, स्तूपाला वंदन करणाऱ्या आकृती आहेत. पण असे नक्षीदार खांब साधारण निम्मेच. बाकीचे नुसते अष्टकोनी, साधे. नक्षीचा पत्ता नाही. एवढे मोठे चैत्यगृह, आणि काम अपुरे राहिलेले!

आमच्याबरोबर एक मुलगा होता. दहावीला गणितात दोनदा नापास झालेला. वडिलांनी निश्चय केला होता की आता शाळा पुरे, मुलाला गोदामात कामाला लावायचे. आईचे म्हणणे, आणखी एकदा बसू द्या. घरात महिनाभर हाच वाद चालला होता. आईनेच त्याला आग्रह करून लेण्यांना आणले होते, आणि वडीलही बरोबर होते. तो मुलगा एका साध्या खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, "हे पण नापासच दिसतात."

सगळे हसले. पण आमच्यात एक बाबा होते. चाळीस वर्षे गवंडीकाम करून घरी बसलेले. ते हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या टाकीच्या खुणांवरून हात फिरवला आणि मुलाला जवळ बोलावले.

"हे बघ बाळा," ते म्हणाले, "आम्ही इमारत खालून वर बांधतो. लेणे वरून खाली उतरते. आधी छत कोरायचे, मग खाली खाली यायचे. म्हणजे परांची लागत नाही. पण एक आहे. आमची भिंत वाकडी गेली तर पाडून पुन्हा बांधता येते. इथे एकदा निघालेला दगड परत बसत नाही."

"मग त्यांना भीती वाटत नसेल का, बाबा?"

"वाटत असेल की! म्हणून तर घाव लहान घालायचा. मोठा घाव घालणारा लवकर दमतो आणि दगडही फोडतो."

मुलाच्या आईने विचारले, "पण बाबा, अपुरे सोडून गेले ते हरलेच ना?"

बाबांनी वर पाहिले. "अपुऱ्या खांबांनी छत पडले का, पोरी? दोन हजार वर्षे उभे आहे. ज्यांना हे अपुरे मिळाले त्यांनी इथेच बसून वंदना केली, बाहेर मोठे बुद्ध कोरले, वर आणखी लेणी काढली. काम थांबले नाही."

त्या मुलाच्या वडिलांनी हे ऐकले. ते बोलले काहीच नाहीत, पण खांबापाशी बराच वेळ उभे राहिले.

टाकीचे घाव कोणाचे?

आपल्याकडे एक म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेत निबंधाला ही म्हण हमखास येते. आमचे तिच्याशी पटत नाही. घाव सोसण्यात मोठेपण असते तर आपला समाज केव्हाच जगात पहिला आला असता! आपल्या पूर्वजांनी काय कमी घाव सोसले? नुसते सोसणे ही चिकाटी नव्हे. कान्हेरीत आम्हाला मोठेपण दिसले ते ज्या हाताने टाकी धरली त्या हाताचे. कुठे घाव घालायचा, किती जोराने घालायचा, केव्हा थांबायचे, हे जाणणाऱ्या हाताचे.

आणि त्या हातांची दखलही इथे घेतलेली आहे. चैत्यगृहाच्या शिलालेखात दाते आहेत, थेर आहेत, कामावर देखरेख करणारा उपासक आहे. त्याबरोबर दगड घडवणारे 'सेलवढकी' आणि दगडाला गुळगुळीत झिलई देणारे कारागीर यांचाही उल्लेख आहे. मोठमोठ्या इमारतींच्या पाट्यांवर उद्घाटकांची नावे आपण पाहतो. बांधणाऱ्या कामगाराचा उल्लेख कुठल्या पाटीवर असतो? बाबांना हे सांगितल्यावर ते एवढेच म्हणाले, "म्हणजे त्यांना माणूस समजत होते."

सोनाराचे टाके, लोहाराची वाट

चैत्यगृहाच्या वर पायऱ्यांनी चढत गेले की छोटे छोटे विहार लागतात. बाहेर ओसरी, बसायला दगडी बाक, आत निजायला दगडी ओटा, आणि बहुतेक विहारांच्या बाजूला पाण्याचे टाके. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. डोंगरमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींनी या टाक्यांत आणले आहे. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते इथे प्रत्यक्ष पाहावे. उन्हाळ्यातही काही टाक्यांत पाणी असते. नळावर भांडी लावून पहाट काढणाऱ्या आमच्या भगिनी ही व्यवस्था फार बारकाईने पाहत होत्या.

ही टाकी कोणी दिली? फक्त राजांनी आणि सावकारांनी नव्हे. इथल्या पन्नासाहून अधिक शिलालेखांत साध्या माणसांची दाने नोंदलेली आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. भिक्खुणींची दाने आहेत, घरसंसार करणाऱ्या स्त्रियांची आहेत. लोहाराला अख्खे चैत्यगृह देणे झेपले नसेल. म्हणून त्याने वाट दिली. त्या वाटेवरून किती भिक्खू चढले असतील, किती जण वर बसून शिकले असतील! त्या प्रत्येकाच्या शिकण्यात लोहाराचा वाटा आहे.

आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट. जिद्द ही एकट्याची वस्तू नव्हे. एक जण बसतो, पण त्याला पाणी देणारा, वाट देणारा, दिव्याला तेल देणारा कोणीतरी असावा लागतो. मुलाला 'जिद्द धर' म्हणणे सोपे आहे. त्याच्यासाठी पोढी खोदणे हे आपले काम.

वीणेच्या तारा

त्या विहारांत बसलो असता धम्मातली एक गोष्ट आम्ही मुलांना सांगितली. सोण नावाचा भिक्खू होता. साधनेत तो इतका कठोर की चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले. तरी फळ दिसेना, तेव्हा संघ सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले. भगवान बुद्ध त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? तो म्हणाला, नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नाचेही तसेच आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. सोणाने संघ सोडला नाही. त्याने तारा जुळवल्या आणि पुढे तो अर्हत झाला.

अष्टांग मार्गातला सम्यक व्यायाम तो हाच. दहा पारमितांत वीर्य आहे, म्हणजे हाती घेतलेल्या कामाकडे पाठ न फिरवता पूर्ण शक्तीने ते करणे. आणि अधिष्ठान आहे, म्हणजे ध्येय गाठण्याचा पक्का निर्धार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांग मार्ग आणि दहा पारमिता या दोन्हींचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला मारून जागे ठेवणे हे वीर्य नव्हे, आणि वर्षभर त्याच्या वहीकडे न पाहणे हे तर मुळीच नव्हे.

ग्रंथांसाठी दान

अकराव्या क्रमांकाचे लेणे लोक दरबार लेणे म्हणून ओळखतात. प्रशस्त सभागृह, आणि मधोमध दोन लांबलचक, बुटके दगडी बाक. दोन्ही बाजूंनी भिक्खू बसतील असे. याच धाटणीचे दुसरे लेणे वेरूळला आहे, पाचव्या क्रमांकाचे. आणि वाचकहो, वेरूळच्या त्या लेण्याला लोक काय म्हणत आले? 'महारवाडा'! ज्यांना गावाबाहेर ठेवले त्यांचे नाव एका विद्यापीठासारख्या सभागृहाला पडावे, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो.

कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या एका शिलालेखात दानाच्या रकमेतून ग्रंथांसाठीही तरतूद केलेली आहे. विहार म्हटला की डागडुजी आणि चीवर लागते, तसेच पुस्तकही लागते, हे त्या दात्याला ठाऊक होते. आजही आपल्या वस्तीवस्तीत विहार आहेत. त्यांतल्या किती विहारांत पुस्तकांचे एक कपाट आहे? संध्याकाळी मुलांना बसायला एक ट्यूबलाइट आणि चार सतरंज्या आहेत? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो आणि वाचकांनाही.

परत आलेला प्रबंध

फोटोकडे बोट दाखवताना आपण बाबासाहेबांचे यश सांगतो, पण त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या खांबांविषयी सांगत नाही. १९१६ साली ते लंडनला शिकायला गेले. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते बुडाले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांनी उसने पैसे दिले, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरबदलासाठी परत पाठवला. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा सादर केला आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली.

बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता, हे त्या मुलाला माहीत नव्हते. तो दोनदा म्हणाला, "खरंच परत पाठवला होता?"

आणि या सगळ्या वर्षांत मुंबईत घर कोणी सांभाळले? माता रमाईने. हलाखीत, लेकरांचे मृत्यू सोसून तिने घर उभे ठेवले. २७ मे १९३५ रोजी ती गेली. तिच्या नावाने घाटकोपरला जे नगर वसले, त्या रमाबाई नगराने ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात दहा माणसे गमावली. त्यानंतरही तिथल्या आयांनी मुलांच्या पाठीवर दप्तरे अडकवली. ही चिकाटी कुठल्या शिलालेखात नाही. ती आपण सांगितली तरच पुढच्या पिढीला कळेल.

आपल्या वाट्याचे काम

परतीच्या वाटेवर मंडळींत आपोआप बोलणे निघाले. गवंडी बाबा म्हणाले, "मला गणित येत नाही, पण पोर अभ्यासाला बसले तर मी समोर बसू शकतो." बी.कॉम. करणारी एक मुलगी म्हणाली, "रविवारी दोन तास मी गणित घेईन." मुलाचे वडील इतक्या वेळाने बोलले, "पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरतो. पण या वेळी रोज बसायचे हं, एकदम नाही." त्या फॉर्मचे पैसे भरले गेले आहेत. निकाल काय लागेल तो लागो. वाट करून दिली गेली आहे, आणि चढायचे आता त्याला आहे.

प्रत्येकाने डॉक्टर, कलेक्टर व्हावे असे आम्ही म्हणत नाही. गटारावरचे झाकण बसवणारा ते असे बसवो की कोणाचा पाय अडकू नये. शिवण करणारी ताई अशी शिवो की उसवू नये. आणि शिकणारा असा शिको की त्याला दुसऱ्याला शिकवता यावे. उत्तम काम म्हणतात ते हेच. कान्हेरीच्या बहुतेक कारागिरांची नावे आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांच्या हाताची सफाई दोन हजार वर्षांनंतरही दिसते.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी चार गोष्टी सांगतो. सोमवारी उद्यान बंद असते. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे पुरातत्त्व खात्याचे वेगळे. लेण्यांसाठी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मेट्रोने यायचे असल्यास दहिसरच्या मार्गावर राष्ट्रीय उद्यान हे स्थानक आहे. सकाळी लवकर निघा, चढ आहे म्हणून पाणी जवळ ठेवा, पावसाळ्यात शेवाळावर पाय जपून टाका. टाक्यांत कचरा टाकू नका, भिंतींवर नावे कोरू नका. तिथे ज्यांची नावे कोरली आहेत त्यांनी आधी काहीतरी दिले होते.

आणि घरातल्या नापास झालेल्या मुलाला बरोबर न्यायला विसरू नका. त्याला ते साधे खांब दाखवा, आणि मग मान वर करून छत पाहायला सांगा.

जयभीम!